औषध मारलं आणि कोळी वाढला

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय वाचून काहींना छपाईत चूक झाली असे वाटले असेल. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने पिकावरच्या कोळ्यांवर काय बोलायचे? शंका रास्त आहे. आम्ही आयुष्यभर न्यायदर्शन शिकवले, ह्यूम शिकवला, शेतात कधी राबलो नाही. हा विषय आमच्याकडे आला तो आमच्या एका चुकीमुळे. चूक शेतीतली नव्हती, तर्कातली होती, आणि तर्क हा तर आमचा धंदा. म्हणून आधी तीच सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. निफाडकडे आमच्या मावसभावाची द्राक्षबाग आहे. माल काढायला महिना-दीड महिना असताना त्याने फुलकिड्यांसाठी फवारणी केली. दोन आठवड्यांनी पाने तांबूस पडू लागली, पानामागे बारीक जाळी दिसू लागली. लाल कोळी. आम्ही त्या वेळी तिथेच मुक्कामाला होतो. तो म्हणाला, “दादा, औषध मारलं की कोळी चेकाळतो.” आम्ही हसलो. त्याला म्हणालो, याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे होत नाही. औषध मारलेस, नंतर कोळी वाढला. ऊनही वाढले होते, त्याचे काय?

तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “मग त्या शेवटच्या दोन ओळींचं काय?” झाले असे होते की फवारणीच्या दिवशी ब्लोअरचा पट्टा तुटला आणि बांधाकडच्या दोन ओळी कोरड्याच राहिल्या. त्या ओळींची पाने हिरवीगार होती. आमच्याकडे उत्तर तयार होते. तिथे वारा वेगळा असेल, पाणी वेगळे मिळत असेल. त्याने वाद घातला नाही. दुकानदाराने सांगितलेले महागडे कोळीनाशक मारले, दहा दिवसांनी दुसरे मारले. पानेच गेल्यावर मण्यांत गोडी कुठून भरणार? परदेशी जायचा माल लोकलला गेला, निम्म्या भावाने. बँकेचे पीककर्ज डोक्यावर होते, ते पुढे दोन वर्षे फिटले नाही.

आता न्यायदर्शन शिकवणाऱ्या माणसाने काय करायला हवे होते? कारण ठरवायचे तर अन्वय बघायचा आणि व्यतिरेक बघायचा. जिथे हे आहे तिथे ते आहे, आणि जिथे हे नाही तिथे तेही नाही. मावसभावाच्या हातात दोन्ही होते. बागभर अन्वय, दोन ओळींत व्यतिरेक. दोन ओळींवरून सिद्धांत उभा राहत नाही हे कबूल. पण प्रश्न तर उभा राहतो! आम्ही तो प्रश्नच झटकून टाकला. पुढे निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा आम्ही या विषयाचा इतिहास वाचू लागलो, आणि कळले की असे झटकणारे आम्ही एकटे नव्हतो. शास्त्रात चांगली पन्नास वर्षे हेच चालले होते.

आधी हा कोळी कोण ते बघू. मराठीत कोळी म्हणजे समुद्रावरचा कोळी, घरात जाळे विणणारा कोळी आणि पिकावरचा हा कोळी. तिघांचे जाळे तेवढे समान. पिकावरचा कोळी म्हणजे कीटक नव्हे, त्याला आठ पाय. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पानाच्या मागच्या बाजूला बसतो, सोंड खुपसून एकेक पेशी रिकामी करतो. सगळ्यात कुप्रसिद्ध तो टेट्रानिकस उर्टिके. हजाराहून जास्त वनस्पतींवर तो जगतो. कडक उन्हात अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात, आणि एक मादी शंभरावर अंडी घालू शकते. मादीला नर भेटला नाही तरी ती अंडी घालते. त्या अंड्यांतून नुसते नर निघतात एवढेच. थोडक्यात, या प्राण्याची सगळी ताकद अंड्यांत आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गंमत त्यात आहे.

या कोळ्याला खाणारा दुसरा कोळी असतो. त्याला शिकारी कोळी म्हणू. तो आकाराने तेवढाच, पण तरतरीत. बहुतेक मळ्यांत, बागांत, जंगलांत हे दोघे असतात, आणि दुसरा असतो म्हणून पहिला डोळ्यांवर येत नाही.

आता आपल्या भाषेतला एक शब्दप्रयोग बघा. शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो, आणि ते ‘मारतो’. औषध झाडासाठी, मारणे किडीसाठी. बोलायला सोपे आणि अर्थाला पुरेसे. पण ज्याला औषध लागले आणि जो मेला नाही, त्याचे पुढे काय होते? त्याच्यासाठी या बोलण्यात जागा नाही. गंमत म्हणजे इंग्रजीत आणि जर्मनमध्ये विचार करणाऱ्या शास्त्रज्ञांकडेही त्याच्यासाठी जागा नव्हती.

त्याला एक कारण आहे. १९२५ मध्ये अमेरिकेत ॲबट नावाच्या गृहस्थाने कीटकनाशक किती गुणकारी आहे हे काढायचे एक सूत्र दिले. फवारलेल्या झाडावर किती मेले हे मोजा, न फवारलेल्या झाडावर आपोआप किती मेले हेही मोजा आणि तेवढे वजा करा. तर्काच्या दृष्टीने हे फार चांगले पाऊल होते. न फवारलेले झाड बाजूला ठेवणे म्हणजे व्यतिरेकच की! लगेच १९२७ मध्ये इंग्लंडात ट्रेव्हन यांनी ‘एलडी-५०’ ही कल्पना मांडली. ज्या मात्रेने शंभरातले पन्नास प्राणी मरतात ती मात्रा. ट्रेव्हनना शेतीशी कर्तव्य नव्हते. डिजिटालिस, इन्सुलिन अशा औषधांची तीव्रता अचूक कशी मापायची, ही त्यांची अडचण होती. पण माप इतके सोयीचे होते की विषाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ते उचलले. एक आकडा, एक रेघ, इकडे मेलेले, तिकडे जिवंत.

मापाचे असे असते, मंडळी. ते हातात आले की जे मापता येते तेच खरे वाटू लागते. पन्नास मेले हे कागदावर लिहिले जाते. उरलेल्या पन्नासांच्या पुढे ‘जिवंत’ असे लिहिले की त्यांची चौकशी संपते. ते चालतात का, खातात का, अंडी घालतात का, की दुप्पट घालतात? याचा रकानाच कागदावर नव्हता.

आणि तक्रारी तर येत होत्या. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात, मॅडिसन नदीच्या काठच्या जंगलात कोळ्याचा उद्रेक झाला. जंगलावर आधी शिशाच्या आर्सेनेटची फवारणी झाली होती. डीडीटी तेव्हा कुठेच नव्हते. डीडीटीचा कीटकनाशक गुण स्वित्झर्लंडमध्ये पाउल म्युलर यांनी शोधला तो १९३९ मध्ये, आणि त्यांना नोबेल मिळाले १९४८ मध्ये. महायुद्ध संपल्यावर डीडीटी सफरचंदाच्या बागांत शिरले, फळ पोखरणाऱ्या अळीसाठी. अळी मेली. आणि जो कोळी आजवर किरकोळ गणला जाई, तो बागांचा मुख्य शत्रू होऊन बसला. डीडीटीने कोळी मरत नाही हे लवकरच कळले होते. पण न मरणे वेगळे आणि वाढणे वेगळे!

१९५६ मध्ये अमेरिकेच्या वनखात्याने ८ लाख ८५ हजार एकर जंगलावर डीडीटी फवारले. पुढच्या उन्हाळ्यात मोंटाना राज्यातली झाडे तांबडी पडली, सुया गळू लागल्या. पुन्हा कोळीच. रेचल कार्सन यांच्या १९६२ सालच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात ही हकिकत आहे. कार्सनबाईंनी कारण सांगितले ते असे की विषाने कोळ्याचे शत्रू मेले, म्हणून कोळी मोकाट सुटला. कोळ्याची अंडी तिपटीपर्यंत वाढतात हेही त्यांनी नोंदवले, पण त्याचे श्रेयही शत्रू नसण्यालाच दिले. शत्रू नाही म्हणून संरक्षणाच्या जाळ्यावर ताकद खर्च करायला नको, ती सगळी अंड्यांकडे वळते. या पुस्तकाबद्दल आम्हाला मोठा आदर आहे. तरी इथेही हिशेब मृत्यूचाच आहे, हे नजरेतून सुटू नये. कोणी तरी मेले, म्हणून दुसरे वाढले.

हा हिशेब खोटा नव्हता, बरं का. कॅनडात नोव्हा स्कोशिया प्रांतात पिकेट आणि त्यांचे सहकारी बागांमध्ये वर्षानुवर्षे कीटक मोजत होते. त्यांच्यातल्या लॉर्ड यांनी १९४७ मध्ये एक विलक्षण गोष्ट दाखवली. सफरचंदाच्या खोडावर शिंपल्यासारखी खवलेकीड वाढत होती. का? तर खपल्या रोगासाठी बागायतदार गंधकाची बुरशीनाशके वापरत, आणि त्या गंधकाने खवलेकिडीला खाणारा कोळी आणि तिच्यावर वाढणारी एक बारीक गांधीलमाशी, दोघे नाहीसे होत होते. म्हणजे औषध मारले बुरशीसाठी, मेला तिसराच आणि वाढला चौथा. पिकेट यांनी त्यावरून बागायतदारांना फवारण्या कमी करायला, सौम्य करायला लावले आणि बागा टिकल्याही.

पण सगळे एवढ्यावर भागत होते का? १९५२ मध्ये नेदरलँड्समध्ये ह्यूक, क्यूनेन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी एक निबंध छापला. फळझाडांवरच्या लाल कोळ्याची अंडी डीडीटीच्या प्रभावाखाली वाढतात, हा त्याचा विषय. निबंध लहानसा आहे. पण आमच्या मते या कथेतले खरे वळण इथे आहे. या माणसांनी मेलेले मोजण्याऐवजी अंडी मोजली. रकाना बदलला.

त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. याला जुने कारण आहे आणि ते आमच्या विद्याशाखेच्या जवळचे आहे. थोड्या विषाने जीव जोमाने वाढतो, हे १८८८ मध्येच जर्मनीत ह्यूगो शुल्त्स यांनी यीस्टवर दाखवले होते. जंतुनाशकाची मात्रा अगदी कमी ठेवली तर यीस्ट मरण्याऐवजी जास्त आंबवते. पण शुल्त्सनी हा शोध होमिओपॅथीच्या समर्थनाला जोडला आणि मुख्य प्रवाहातल्या वैद्यकाने होमिओपॅथीबरोबर यीस्टही टाकून दिले. सांगणाऱ्याची संगत पाहून सांगण्याचा निकाल लावणे, हा दोष आपल्याकडे वादविद्येत कधीचा सांगून ठेवलेला आहे, तरी तो घडायचा राहत नाही. निफाडला आमच्या हातून घडला तो याच जातीचा. सांगणारा शेतकरी होता. तो शास्त्रज्ञ असता तर आम्ही हसलो असतो का? असो.

ही कल्पना १९४३ मध्ये साउथॅम आणि एर्लिक यांनी ‘हॉर्मेसिस’ या नावाने पुन्हा मांडली. १९६८ मध्ये लकी यांनी घरातल्या रातकिड्यांना कीटकनाशकाची अगदी क्षुल्लक मात्रा दिली आणि ते इतरांपेक्षा वजनदार झाले. आणि १९७४ मध्ये डिट्रिख आणि सहकाऱ्यांनी डीडीटी, कार्बारिल यांच्या पानावरच्या अवशेषांनी कोळ्याचे प्रजनन वाढते यावर निबंध लिहिला. त्याचे शीर्षकच ‘जुना खटला पुन्हा उघडला’ अशा अर्थाचे आहे. बावीस वर्षे तो खटला बंद होता!

इथे आमच्यासारख्याला स्वारस्य वाटते ते कारणांच्या भांडणात. न्यायशास्त्रात ‘अन्यथासिद्ध’ नावाची कल्पना आहे. घट तयार होतो तेव्हा माती आणणारे कुंभाराचे गाढवही तिथे हजर असते, पण गाढव घटाचे कारण नाही. मग इथे गाढव कोण? शत्रू मेले म्हणून कोळी वाढला, की कोळ्याची अंडी वाढली म्हणून? की तिसरेच काही, औषधाने झाडाचा रस बदलला आणि कोळ्याला तो जास्त मानवला? फ्रान्समध्ये शाबुसू यांनी हे तिसरे मत आयुष्यभर हिरिरीने मांडले. त्यांनी ते इतके ताणले की प्रत्येक रोगाचे आणि किडीचे उत्तर त्यांना झाडाच्या रसातच दिसू लागले. तेवढे आम्हाला पटत नाही. पण झाड हे नुसते मैदान नाही, तेही खेळाडू आहे, ही त्यांची बाजू पुढे खरी ठरली.

आता शिकाऱ्याकडे वळू. या विषयातला सगळ्यात सुंदर प्रयोग कॅलिफोर्नियात हफेकर यांनी केला, १९५८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ताटांत संत्री मांडली, मधूनमधून रबरी चेंडू ठेवले. संत्र्यांवर एक शाकाहारी कोळी सोडला, त्याच्यावर शिकारी कोळी सोडला. शिकाऱ्याने सगळे खाल्ले आणि मग स्वतः उपाशी मेला. पुन्हा मांडले, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी व्हॅसलीनच्या रेघा ओढून वाटा अवघड केल्या, बारीक काड्या उभ्या केल्या आणि पंखा लावला. शाकाहारी कोळी काडीवर चढून धाग्याला लटकून वाऱ्याबरोबर दुसऱ्या संत्र्यावर जाऊ लागला; शिकाऱ्याला मात्र चालत जावे लागे. तेव्हा कुठे दोघे टिकले, आणि चढउताराच्या तीन लाटा हफेकरना दिसल्या. एक पळतो, दुसरा पाठलाग करतो, आणि दोघांचे जगणे कोण किती लवकर कुठे पोहोचतो यावर ठरते.

आता या शर्यतीत औषध आणा. मारणारे नको, न मारणारेच आणा. शिकारी दोन दिवस सुस्त झाला, एवढेच समजा. किंवा त्याला वास येईनासा झाला. ग्रीनहाउसमध्ये जगभर वापरला जातो तो शिकारी कोळी, फायटोसियुलस पर्सिमिलिस, हा आंधळा असतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या झाडांवर तो डॉसे यांना सापडला आणि तिथून त्याची कीर्ती झाली. डोळे नाहीत, मग शिकार सापडते कशी? नेदरलँड्समध्ये साबेलिस आणि डिके यांनी १९८० च्या दशकात दाखवले की कोळ्याने कुरतडलेले झाड स्वतःच एक विशिष्ट वास सोडते, आणि त्या वासाच्या मागाने शिकारी येतो. झाड हाक मारते म्हणा ना. ती हाक ऐकू न येणे, ऐकून पाय न उचलणे, पोहोचून भूक नसणे, खाऊनही अंडी न घालणे, यांतले एकही ‘मेले किती’ या रकान्यात येत नाही.

बेनोमिल नावाचे बुरशीनाशक होते. १९७० च्या दशकात बागांत फार चालत असे. त्याने अनेक शिकारी कोळ्यांच्या माद्या मरत नसत, हिंडत-फिरत असत. पण अंडी घालणे जवळपास थांबे. माप घेणाऱ्याच्या कागदावर औषध निर्दोष, आणि बागेतला शिकाऱ्यांचा वंश त्या पिढीत संपलेला. युरोपातल्या द्राक्षबागांत मँकोझेबच्या वारंवार फवारण्यांनी शिकारी कोळ्यांचे असेच नुकसान होते हे नोंदले गेले आहे. मँकोझेब म्हणजे आपल्याकडे डावणीसाठी सर्रास मारतात तेच.

मग पायरेथ्रॉइडे आली. न्यूझीलंडचे पेनमन आणि चॅपमन यांनी १९८८ मध्ये यांच्यामुळे होणाऱ्या उद्रेकांचा आढावा घेतला. या औषधांचा एक गुण म्हणजे ती झोंबतात. पानावर औषध लागले की कोळी पान सोडतो, धागा सोडून खाली लोंबतो, वाऱ्याने न फवारलेल्या पानावर जातो. तिथे गर्दी नाही, पान ताजे, मग अंडी भरपूर. शिकाऱ्यालाही हे औषध झोंबते, आणि तो तर बाग सोडूनच जातो. कोणीच मेले नाही असे धरले तरी कोळ्याची गर्दी बागभर पसरली आणि राखणदार निघून गेला! हफेकरच्या संत्र्यांवर पंखा लावावा तसे हे झाले.

हिशेब बदलला तो १९८२ मध्ये, आणि तोही पुन्हा नेदरलँड्समध्येच. ओव्हरमेर आणि फान झोन यांनी शिकारी कोळ्यांवर औषध तपासायची एक ठरावीक पद्धत सुचवली. तिच्यातले सूत्र अगदी साधे आहे. किती जगले ते घ्या आणि जगलेल्यांनी निरोग्यांच्या तुलनेत किती अंडी घातली, त्याने गुणा. शंभरातले ऐंशी जगले, तर जुन्या मापाने नुकसान फक्त वीस टक्के. पण त्या ऐंशींनी निम्मीच अंडी घातली असतील तर ऐंशी गुणिले अर्धा म्हणजे चाळीस, आणि नुकसान साठ टक्के. वीसचे साठ झाले, एकही जास्तीचा न मरता. पुढे युरोपात नव्या औषधाला परवानगी देण्याआधी टिफ्लोड्रोमस पायरी या शिकारी कोळ्यावर जी चाचणी करतात, तिच्यात पहिल्या आठवड्यात मृत्यू आणि दुसऱ्या आठवड्यात अंडी मोजायची रीत पडली. एका गुणाकाराने परवानगीचा कायदा हलतो, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात सांगायला आम्हाला फार आवडले असते. आम्हाला ते कळले तोवर आमचा वर्ग सुटला होता.

शाकाहारी कोळ्याच्या बाबतीत हाच गुणाकार उलट्या दिशेने चालतो. कल्पना करा की औषधाने त्याची पिढीगणिक वाढ वीस टक्क्यांनीच जास्त झाली. पाच पिढ्यांनी संख्या सुमारे अडीचपट होते. उन्हाळ्यात पाच पिढ्या म्हणजे जेमतेम दोन महिने.

आता शेवटचा आणि आमच्या निफाडच्या गोष्टीला लागून असलेला भाग. १९९० च्या दशकात इमिडाक्लोप्रिड आले. झाडाच्या मुळाशी द्या, ते रसातून पानापर्यंत जाते; रस शोषणाऱ्या किडी मरतात. कोळी मात्र त्याने मरत नाही. २००२ मध्ये अमेरिकेत जेम्स आणि प्राइस यांनी लिहिले की हे औषध थेट अंगावर पडले किंवा झाडातून पोटात गेले, तरी कोळी जास्त अंडी घालतो. दोन वर्षांनी जर्मनीतल्या एका गटाने तपासले, त्यांना तसे आढळले नाही. झाले, व्यभिचार दाखवला गेला! आमच्या भाषेत व्यभिचार म्हणजे कारण आहे पण कार्य नाही अशी जागा. हल्ली हा शब्द भलत्याच अर्थाने उरला आहे. अशी जागा सापडली की नियम मोडतो, किंवा नियमातली एखादी अट आपण विसरलेलो असतो.

ती अट झाडात सापडली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये जुने एल्म वृक्ष आहेत. आशियातून आलेल्या एका लांब मिशांच्या भुंगेऱ्याचा नायनाट करायचा म्हणून त्यांना इमिडाक्लोप्रिड दिले. भुंगेऱ्याचा बंदोबस्त चालू असताना झाडांवर कोळी उसळला. श्चेपानियेत्स, राउप आणि सहकाऱ्यांनी हे प्रकरण नीट सोडवून २०११ मध्ये प्रसिद्ध केले. औषध दिलेल्या झाडावरचा कोळी खाऊन त्याच्या शत्रूंना विषबाधा होत होती, हे एक. आणि औषध दिलेल्या एल्मच्या पानांवर कोळ्याच्या माद्या जास्त अंडी घालत होत्या, हे दुसरे. २०१३ मध्ये त्यांनी कापूस, मका, टोमॅटो यांच्यावर दाखवले की या जातीच्या औषधांनी झाडाच्या स्वतःच्या संरक्षणाची जनुके बदलल्यासारखी वागतात. म्हणजे शत्रू, कोळी आणि झाड, तिघांपैकी कोणालाच गाढव म्हणता येत नव्हते. तिघेही कारणात होते, आणि कोणाचा वाटा किती हे झाडागणिक, औषधागणिक वेगळे. पन्नास वर्षे लोक एकाला कारण ठरवून दुसऱ्याला बाहेर काढत होते.

हे वाचून झाल्यावर आम्ही निफाडला गेलो. मावसभावाला सांगितले, तू म्हणत होतास ते बरोबर होते, आम्ही चुकलो. तो म्हणाला, “ते तर मला तेव्हाच माहीत होतं, दादा. तुम्ही हसलात म्हणून मी गप्प बसलो. त्या वर्षी दुसरं कोळीनाशक मारायचं नव्हतं मला. पण वाटलं, एवढा शिकलेला माणूस म्हणतोय.” यावर काय बोलणार? त्या दुसऱ्या फवारणीचे पैसे त्याने उसने घेतले होते, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

मग त्याने खिशातून भिंग काढले. बांधाकडच्या दोन ओळी तो अजूनही फुलकिड्यांच्या औषधाशिवाय ठेवतो, दर वर्षी, मुद्दाम. तिथले एक पान उलटे करून त्याने आमच्या हातात दिले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना आधी नुसते तांबूस ठिपकेच दिसले. “बसलेत त्यांना बघू नका,” तो म्हणाला, “जो पळतोय तो बघा.” थोड्या वेळाने दिसला. फिकट, थेंबासारखा, पानाच्या शिरेच्या कडेने भराभर जाणारा.

“डावणीसाठी मागच्या आठवड्यात मँकोझेब मारलंय, या ओळींतसुद्धा,” तो म्हणाला. “हे मेलेले नाहीत. पण अंडी दिसत नाहीयेत.”

त्याने वहीत तारीख लिहिली आणि पुढच्या वेलीकडे गेला.